आजन्म नेमणूक

माझा थोरला भाऊ क्लेब आणि माझ्या बहिणीचा नवरा अ‍ॅन्सेल थर्लो हे लहानपणापासूनचे दोस्त. एकाच नदीत पोहायला शिकले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला, वकिलीची परीक्षाही एकाच वर्षी पास झाले. अ‍ॅन्सेलनं कोरिनताईला मागणी घातली तेव्हा आमच्या वडिलांच्या आधी क्लेबदादाच 'हो' म्हणाला. "घरातला माणूस घरातच राहिला!" असं म्हणून त्यानं भावोजींच्या पाठीत असा रट्टा घातला की त्यांचा चष्मा उडाला.

मी लेटी, तिघांतली धाकटी. लग्न केलं नाही. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि आमच्या टॅलमन गावातल्या चांगल्या घरच्या मुलींना पियानो शिकवायचे. ताईच्या घरापासून माझं घर हाकेच्या अंतरावर. ताईला मूल नव्हतं. लहानपणी आलेल्या तापानं तिचं हृदय कमजोर झालं होतं, आणि डॉक्टरांनी तो विचारच सोडून द्यायला सांगितलं होतं.

दादा राजकारणात पडला आणि बघता बघता सेनेटर होऊन वॉशिंग्टनला गेला. टॅलमनच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातली न्यायाधीशाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यानं भावोजींचं नाव पुढे केलं. आमच्याकडे तशीच रीत होती. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करायचे, पण नाव निघायचं सेनेटरच्या खिशातून. शपथविधीच्या दिवशी ताईच्या अंगणात पेकानच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. चिकन, तळलेली भेंडी, मक्याचा पाव, शेवटी पीच घातलेला गोड पदार्थ. दादा ग्लास उंचावून उभा राहिला.

"मंडळी, या माणसाला नीट बघून घ्या. आजपासून याला कोणी हात लावू शकत नाही. मी नाही, राष्ट्राध्यक्ष नाहीत, कोणी नाही. पगार कापता येत नाही, बदली करता येत नाही. मरेपर्यंत खुर्ची! याला आता फक्त देवच बोलावणार, आणि तोसुद्धा आधी अर्ज करून!"

सगळ्यांत जास्त ताई हसली.

पहिली बरीच वर्षं भावोजींच्या कोर्टात तसं काही घडलंच नाही. रानात चोरून दारू गाळणारे, टपाल पळवणारे, कर बुडवणारे. संध्याकाळी घरी येऊन ते ताईला त्या लोकांच्या थापा रंगवून सांगत. मग १९६२च्या वसंतात मतदारयादीची केस उभी राहिली.

आमच्या जिल्ह्यात काळी माणसं गोऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीनं होती, पण मतदारयादीत त्यांची नावं शोधावी लागत. काही जणांनी मिळून नोंदणी अधिकाऱ्यावर दावा लावला. त्यांत पहिलं नाव मोझेल ग्रिग्सबी यांचं. काळ्या मुलांच्या शाळेत त्या इतिहास आणि लॅटिन शिकवत. उंच, सावकाश बोलणाऱ्या, कपड्यावर एक सुरकुती नसलेल्या. सुनावणीच्या दिवशी मी आणि ताई कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो.

नोंदणी अधिकाऱ्याचं नाव होतं डफी. त्यानं ग्रिग्सबीबाईंना राज्यघटनेतला एक उतारा वाचायला लावला होता, मग न बघता म्हणायला लावला होता, मग त्याचा अर्थ सांगायला लावला होता. बाईंनी तिन्ही केलं. तरी नाव नोंदलं नाही. कारण? "माझं समाधान झालं नाही."

भावोजी वरून म्हणाले, "मिस्टर डफी, अर्थ सांगताना यांचं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही साहेब. समाधान झालं नाही."

"मग कशानं झालं असतं?"

डफीनं कोर्टात बसलेल्या आपल्या लोकांकडे बघून डोळा मारला. दोघंतिघं खिदळले. "साहेब, तुम्ही इथलेच आहात. तुम्हाला ठाऊकच आहे की."

"मला ठाऊक असून चालत नाही. ते नोंदीत आलं पाहिजे. बोला."

खिदळणं थांबलं. डफीचा चेहरा लाल झाला. तो ग्रिग्सबीबाईंकडे बघेना, आणि भावोजी त्याच्यावरची नजर काढेनात. शेवटी तो पुटपुटला, "कशानंच नसतं झालं."

"मोठ्यानं सांगा. लिहून घेणाऱ्याला ऐकू आलं नाही."

"कशानंच नसतं झालं!" डफी ओरडला.

ताईनं माझा हात घट्ट धरला. निकाल काय लागणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला तेव्हाच कळलं.

पुढच्या रविवारी दादा वॉशिंग्टनहून ताईकडे जेवायला आला. आल्या आल्या त्यानं भांड्यातली भेंडी हातानंच उचलून तोंडात टाकली, माझ्या केसांची चेष्टा केली, ताईला फिरवून फिरवून नाचवलं. जेवताना म्हणाला, "अ‍ॅन्सेल, वरच्या अपील कोर्टातला म्हातारा निवृत्त होतोय. तुझं नाव बोललोय मी."

भावोजींचा काटा हवेतच राहिला. त्या खुर्चीचं स्वप्न ते कॉलेजपासून बघत होते. आम्हां सगळ्यांना ते माहीत होतं, दादाला सर्वांत जास्त.

"मनापासून आभार, क्लेब."

"आभार कसले! फक्त ते यादीचं प्रकरण तेवढं बघ. निकाल काय द्यायचा ते मी सांगत नाही हं. मी म्हणतो, घाई कशाला? उन्हाळ्यात माझी उमेदवारीची निवडणूक आहे. ती होऊन जाऊ दे, मग दे काय द्यायचा तो. एवढी वर्षं थांबलेत ते लोक, आणखी थोडे थांबले तर आभाळ कोसळतंय का?"

"ही केस माझ्यासमोर आहे."

"म्हणून तर तुझ्याशी बोलतोय. पोस्टमनशी बोलून काय उपयोग?"

मी आणि ताई हसलो. भावोजींनी मांडीवरचा रुमाल काढून ताटाशेजारी ठेवला. "ज्याच्यासमोर केस आहे, त्याच्याशीच बोलायचं नसतं. तूही वकील आहेस."

"अरे, मी काय परका आहे? बहिणीच्या घरी जेवतोय मी!"

"म्हणूनच तुला ऊठ म्हणता येत नाही," भावोजी म्हणाले. "मीच उठतो."

आणि स्वतःच्याच टेबलावरून, अर्धं ताट टाकून, ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

दादा ताईकडे वळला. "कोरिन, समजाव ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"माझं ऐकतो ते रश्शात मीठ किती घालायचं, एवढ्यापुरतं."

"मीच त्याला तिथं बसवलं!"

"हो ना. आणि आता याला कोणी हात लावू शकत नाही, असं तूच अंगणात उभा राहून म्हणालास. मग आता तूच का रे लावतोस?"

जाताना त्यानं ताईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. व्हरांड्यातून जाताना तो भावोजींशी बोलला नाही आणि भावोजीही खुर्चीतून उठले नाहीत. दादाची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते त्या दिशेला बघत होते.

मे महिन्यात निकाल लागला. ग्रिग्सबीबाई आणि बाकी सगळ्यांची नावं यादीत घालावीत, आणि इथून पुढे काळ्यागोऱ्यांची एकच परीक्षा घ्यावी.

त्यानंतर जे झालं ते भावोजींना फार झालं नाही. ते सकाळी कोर्टात जात, रक्षणासाठी फेडरल मार्शल त्यांच्या मागेपुढे असत, आणि कोर्टात सगळ्यांना उभं राहावंच लागे. झालं ते ताईला. खाटीक म्हणायचा, मांस संपलं. काचेमागं लटकलेलं दिसत असताना. बागकामाच्या मंडळातल्या बायकांनी सभा दुसरीकडे घ्यायला सुरुवात केली आणि कुठे ते तिला सांगितलं नाही. फोनवर माणसं तिला असलं काही बोलायची की ती रिसीव्हर ठेवून हात धुवून यायची. राज्यघटनेनं भावोजींची खुर्ची राखली, पगार राखला. न्यायाधीशाच्या बायकोला राखणारं कलम त्या घटनेत कुठंच नव्हतं.

तरी ती चर्चमध्ये यायची. कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहायची, वीस वर्षांची तिची जागा ती. कॉयर सांभाळणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "कोरिन, तुझी तब्येत नाजूक. या उन्हाळ्यात विश्रांती का घेत नाहीस?"

"बसून कंटाळा येतो हो," ताई म्हणाली. "गाताना बरं वाटतं."

पुढच्या रविवारी मी ऑर्गनवर पहिले सूर धरले आणि समोरच्या आरशात बघितलं. रांगेतल्या बायका एकेक पाऊल बाजूला सरकल्या होत्या, दोन्हीकडून. मधल्या रिकाम्या जागेत ताई एकटी, पुस्तक उघडून उभी. तिनं सगळं गाणं म्हटलं. वरच्या पट्टीतला तिचा आवाज कापत होता, पण सूर सुटला नाही. मी शेवटचं कडवं वाजवलं, झाकण बंद केलं आणि तिला घेऊन घरी गेले. त्यानंतर त्या चर्चच्या ऑर्गनला मी हात लावला नाही.

जूनमध्ये दादानं सेनेटमध्ये भाषण केलं. बातम्यांत त्यातला तुकडा लागला तेव्हा मी ताईच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. "टॅलमनच्या त्या न्यायाधीशावर महाभियोग चालवून त्याला घरी पाठवलं पाहिजे. असा माणूस खुर्चीवर बसायच्या लायकीचा नाही." नाव घेतलं नाही. सगळ्या राज्याला नाव पाठ होतं. पुढे त्या महाभियोगाचं काहीच झालं नाही, व्हायचंही नव्हतं. आवडला नाही म्हणून न्यायाधीश काढता येत नाही, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. त्याला टाळ्या हव्या होत्या.

मी रेडिओ बंद करायला उठले. ताई म्हणाली, "राहू दे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दादाला सर्दी झालीय. आवाज बसलाय बघ त्याचा."

त्याच आठवड्यात ती जिन्यात बसली ती तिला उठता येईना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. त्रास झाला नसता तर आणखी काही वर्षं निघाली असती. हे भावोजींसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी भावोजी कोर्टात गेले नाहीत. ताईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मी उशा नीट करत होते.

"मी सोडतो, कोरिन. राजीनामा देतो. आपण किनाऱ्यावर घर घेऊ, तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही."

"आणि तुझ्या जागी कोण येईल?"

"ते माझ्या हातात नाही."

"दादाच्या खिशातला दुसरा येईल. मग अपिलातून केस परत आली तर फेरसुनावणी, सगळं त्याच्या हातात. त्या बाईंना पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवायला लावेल तो. नको." तिला धाप लागली. तिनं दम खाल्ला आणि हसली. "तू खुर्चीत बस, मी पलंगावर पडते. दोघांनाही काम लागलं."

भावोजींनी तिच्या तळहातावर कपाळ टेकलं. मी खोलीबाहेर आले.

पण एक गोष्ट तिला हवी होती. रोज विचारायची, "दादा येतोय का गं?" तो प्रचारासाठी राज्यातच फिरत होता. मी निरोप ठेवले, उत्तर आलं नाही. मग मी स्वतःच गेले. शेजारच्या जिल्ह्यात जत्रेच्या मैदानात त्याची सभा होती. बँड, झेंडे, तळणीचा वास, आणि ऊन असं की हिरवळ पिवळी पडलेली. भाषण संपवून तो मंचामागं आला, कोट काढलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मला बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"कशी आहे?"

"जातेय. तुला विचारतेय रोज."

तो खुर्चीवर बसला. रुमालानं मान पुसता पुसता तो डोळेच पुसायला लागला. "लेटी, फोटोवाले माझ्या मागावर आहेत. अ‍ॅन्सेलच्या दारात माझी गाडी दिसली की संपलं सगळं. तो दुसरा उमेदवार आधीच म्हणत फिरतोय, मेहुण्या-मेहुण्यांचं आतून एकच आहे म्हणून."

"मागच्या दारानं ये."

"मागचं दार त्यांनाही माहीत आहे."

"दादा, बहीण आहे ती."

"मला कळत नाही का ते!" तो ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "मंगळवारी मतदान. बुधवारी सकाळी पहिला मी तिथं. सांग तिला. बुधवारी नक्की."

मी घरी येऊन ताईला सांगितलं, दादा बुधवारी येतोय.

"बुधवारी का?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आतच तिला उमगलं. "हां. मंगळवार आहे नाही का." मग डोळे मिटून म्हणाली, "थकून येईल बिचारा. त्याच्यासाठी भेंडी आणून ठेव."

ती सोमवारी दुपारी गेली. भावोजी तिचे पाय दाबत होते, ती काहीतरी सांगायला लागली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

मंगळवारी दादानं उमेदवारी जिंकली, भरघोस मतांनी. आणि बुधवारी सकाळी, शब्द दिल्याप्रमाणे, सगळ्यांच्या आधी आला. दार भावोजींनी उघडलं.

"ये. ती पुढच्या खोलीत आहे," एवढंच म्हणाले.

दादा आत बराच वेळ होता. त्याचं रडणं घरभर ऐकू येत होतं. लहानपणीसुद्धा मी त्याला असं रडताना ऐकलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहिला. "अ‍ॅन्सेल, शिव्या दे मला. काहीतरी बोल. पण मनात ठेवू नको."

भावोजी खूप दमलेले होते. ते म्हणाले, "तुझा निवाडा मला नाही करता येणार, क्लेब. मी त्यात स्वतः अडकलोय."

चर्चच्या कारभाऱ्यांनी खांदा द्यायला येता येणार नाही असं कळवलं. एकाची पाठ दुखत होती, दुसरा गावाला गेला होता. शेवटी दोन मार्शल, कोर्टाचा कारकून, डॉक्टर, आणि पुढे एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. शवपेटीच्या दोन कड्या धरून ते दोघं एका पावलानं चालत होते. इतकी वर्षं एकत्र चाललेली माणसं ती. पाऊल मोजावं लागलं नाही. पण पेटीवरून एकानंही दुसऱ्याकडे बघितलं नाही.

दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, रस्त्यापलीकडे, मला ग्रिग्सबीबाई दिसल्या. काळी टोपी, हातमोजे, त्या उन्हात ताठ उभ्या. दाव्यात नाव दिल्यामुळे त्यांची शाळेतली नोकरी गेली होती, हे मला माहीत होतं. मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले.

"आत या ना. ताईला आवडलं असतं."

"नको, मिस लेटी. अपील चालू आहे. केस परत जजसाहेबांसमोर येऊ शकते. मी आत दिसले तर उद्या कोणीतरी म्हणेल, न्यायाधीश आणि फिर्यादी एकाच कबरीशी उभे होते." त्या शवपेटीकडे बघत होत्या. "बाईंनी ज्याच्यासाठी एवढं सोसलं, ते माझ्या पायानं कशाला मोडू?"

शेवटची प्रार्थना होईपर्यंत त्या तिथंच थांबल्या. मीही त्यांच्याजवळ थांबले. माती टाकायला मात्र आत गेले.

अपील कोर्टानं निकाल कायम ठेवला. वरच्या कोर्टातली ती रिकामी खुर्ची दुसऱ्याच कोणाला मिळाली. ग्रिग्सबीबाईंनी नोव्हेंबरात मत दिलं. शाळेनं त्यांना परत घेतलं नाही, म्हणून त्या आपल्या चर्चच्या तळघरात मुलांना शिकवत राहिल्या. दादा आणखी दोनदा निवडून आला. नाताळला मी दुपारी भावोजींकडे जेवायचे आणि संध्याकाळी दादाकडे. दोघंही एकमेकांबद्दल विचारायचे, "बरा आहे ना?" मी दोघांनाही "बरा आहे" सांगायचे. तेवढंच नातं शिल्लक होतं आणि ते माझ्या पायांवर चालत होतं.

भावोजींनी त्यानंतर बरीच वर्षं कोर्ट चालवलं. नंतर आलेले तरुण वकील त्यांचं नाव आदरानं घ्यायचे, कॉलेजं बोलवायची, मानद पदव्या द्यायची. मानपत्रं घेऊन ते रिकाम्या घरी परत यायचे. एका रविवारी माझ्याकडे जेवताना, सत्तरी उलटल्यावर, ते मध्येच थांबले.

"लेटी, त्यांना मला काढता यायला हवं होतं."

"असं काय बोलता भावोजी?"

"देशासाठी नव्हे. देशासाठी नाही काढता येत तेच बरं. पण काढलं असतं, तर मी तिला घेऊन कुठंतरी गेलो असतो. मला सोडायला ती लावत नव्हती आणि त्यांना काढता येत नव्हतं. मधल्या मध्ये ती गेली."

मी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत, पण त्यांनी तो खाल्लाही नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दहाच्या ठोक्याला ते कोर्टात हजर होते.